दुसऱ्या खेळाडूचा डाव

दातारकाका टीव्हीवरचा खेळ एकटेच खेळत, पण सुरू करताना मात्र न चुकता 'दोन खेळाडू' निवडत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते पाणी बंद राहणार असल्याची नोटीस द्यायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा. दुपारचे दोन वाजले होते. पुण्यात ही कुणाच्या दारात उभं राहायची वेळ नव्हे, पण मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खाण्यासाठीच निवडून दिलेला माणूस. दार उघडंच होतं. काका ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर हिरव्या कपड्यांतला, पाठीवर गाठोडं घेतलेला एक बुटका माणूस झाडाखाली नुसता उभा होता. वर कोपऱ्यात आकडा उतरत होता. दोनशे बारा, दोनशे अकरा, दोनशे दहा.

"काका, अडकलाय का हा?"

"अडकेल कशाला? दुसऱ्याचा डाव आहे."

मी घरभर नजर फिरवली. दुसरं कुणीही नव्हतं.

"दुसरा कुठाय?"

"आपण कशासाठी आला होता?" काकांनी विचारलं. मी नोटीस दिली आणि निघालो.

त्यांच्याबद्दल लिहायला बसलो त्याला कारण आहे. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट करायची राहिली होती. ती होत आली होती आणि ती माझ्या हातून बिघडली. ते सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

कोथरूडमधल्या आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही समोरासमोर राहत होतो. काका पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. शैलाकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा निखिल बंगळूरला, रविवारी फोन करणारा. काकांचं अक्षर म्हणजे छापील. इमारतीतल्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. त्यातली मीटरच्या खोलीतली सर्वांत जुनी: 'सदनिका रिकामी ठेवून बाहेर जाताना मेन स्विच बंद करावा.' स्वतः काका तर कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जातानाही मेन स्विच बंद करत. एकदा काकू आंघोळ करत असताना तो बंद करून गेले होते म्हणे.

अशा माणसाच्या हातात हा खेळ कुठून आला, याचं सगळ्या बिल्डिंगला कोडं होतं. खेळ तीसेक वर्षांपूर्वीचा. टीव्हीला जोडायचा एक काळा डबा, त्यात खुपसायची पिवळी कॅसेट. कॅसेट लावण्यापूर्वी काका तिच्यात तीन फुंकरा मारत, देवाच्या तसबिरीवरची धूळ उडवावी तितक्या काळजीने. पहिल्या खेळाडूचा गडी निळा, दुसऱ्याचा हिरवा. काम एकच: डावीकडून उजवीकडे पळायचं, खड्ड्यांवरून उड्या मारायच्या, साळिंदरं चुकवायची. असे आठ देश पार केले की शेवटी एक महाल. जीव तीन, आणि कोपऱ्यातला आकडा शून्यावर आला की गडी पडलाच. निळा पडला की हिरव्याचा डाव, हिरवा पडला की पुन्हा निळ्याचा. आणि पडदा फक्त पुढे सरकतो. मागे एखादा हिरा राहिला, तर राहिला.

हे काकांना फारच पटलं होतं. "पडदा मागे येत नाही" हे त्यांचं पालुपद झालं होतं. रिक्षावाल्याचं वळण चुकलं, की पाठीमागून, "असू द्या, पडदा मागे येत नाही." सोसायटीच्या सभेत कुणी मागच्या सभेचा विषय उकरला, की काका पहिल्या रांगेतून तेच म्हणत आणि सभा दहा मिनिटं लवकर संपे. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "काका, भाजीत मीठ जास्त झालंय का हो?" तर तिलाही हेच उत्तर.

नुसतं खेळून भागेल तर तो ड्राफ्ट्समन कसला! काकांनी सगळा खेळ आलेखाच्या कागदावर उतरवला होता. कागदाला कागद चिकटवून प्रत्येक देशाची एक लांबच लांब गुंडाळी. जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले, तसाच साखळीच्या मापाने अंतर टाकत हा काढलेला. 'साखळी क्रमांक ४०: खड्डा, रुंदी साडेतीन चौकोन. पलीकडे साळिंदर, येण्याची दिशा उजवी. उडी काठावरूनच घ्यावी.' एका संध्याकाळी त्यांनी तिसरा देश आमच्या दोन्ही घरांची दारं उघडून त्यांच्या खिडकीपासून आमच्या ओट्यापर्यंत पसरून दाखवला. कुकर लावायला बायकोला त्यावरून उडी मारून जावं लागलं.

आमची ऋता वाघोलीला आयटीत आहे. तिला काकांचं भारी कौतुक. एकदा म्हणाली, "काका, हाच गेम मोबाइलवर मिळतो. मी टाकून देते ना. मध्येच सेव्ह करता येतो, आणि पडलात तर रिवाइंड पण होतं."

"म्हणजे मागे नेता येतं?"

"हो ना! जस्ट प्रेस करायचं."

"मग पडलो कशाला?" काका म्हणाले.

ऋताने हसत हसत खेळाचा रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात गेली. मग मी घेतला, मीही तिथेच. "एवढंसं तर आहे," म्हणत आम्ही बापलेक रात्रीच्या जेवणाची हाक येईपर्यंत त्या एका खड्ड्याशी झगडत बसलो. दोन बटणं, एक उडी. त्या खेळाची गंमत मला तेव्हा कळली. तो कधी अन्याय करत नाही. खड्डा काल होता तिथेच आज असतो, साळिंदर त्याच्याच वेळेला येतं. पडलो तर चूक आपलीच, आणि ती दुरुस्त करायला पुन्हा पहिल्यापासून निघायची मुभा असते. असा सौदा बाहेर कुठे मिळतो? आम्ही खेळताना मात्र काका 'एक खेळाडू' निवडून देत. हिरव्या गड्याचा रिमोट त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर असे आणि त्याला हात लावू देत नसत.

मग आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्या असं ठरलं. बाकीचे लोक गाद्या, माळे, कपाटं यांत बुडाले. काकांची काळजी वेगळी होती. हा खेळ चालायचा तो फक्त त्यांच्या जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीवर, आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, "काका, हलवलात तर गेला समजा."

"मला एकदा त्या महालाचं दार उघडलेलं बघायचंय," काका मला म्हणाले. "जायच्या आत. बास."

सहा देशांपर्यंत ते सहज जात. सातव्यात अंगठा दुखू लागे. त्या महिन्यात ते इरेलाच पेटले. सकाळी भेटले की मी विचारी, "कुठवर?" आणि ते सांगत, "सातवा, साखळी क्रमांक एकोणसाठ." शहात्तरीचा माणूस अंगठ्याला चिकटपट्टी लावून जिन्यात भेटायचा. मी चेष्टा करायचो. म्हणायचो, "काका, खातं तुम्हाला पुन्हा कामावर घेणार बहुतेक." आता वाटतं, त्या वेळी एकदा तरी शेजारी बसून नीट विचारायला हवं होतं.

शेवटचा दिवस उजाडला. काकांचं सामान सकाळीच टेम्पोतून कर्वेनगरच्या भाड्याच्या घरी गेलं. मागे राहिले टीव्ही, डबा, दोन खुर्च्या आणि चहापुरतं सामान. काकांनी माझ्याकडून चार वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली होती. मी कबूलही झालो होतो. सव्वातीनला मी खाली मीटरच्या खोलीत एकेका घराचा स्विच बंद करत होतो. बिल्डरचा माणूस बाहेर उभा राहून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. तेवढ्यात काका पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडताना दिसले. मला वाटलं, झालं त्यांचं. तरी खात्री करावी म्हणून वर जाऊन आलो. दार नुसतं ओढलेलं होतं. आत टीव्हीचा पडदा काळा. खाली आलो. समोर भिंतीवर काकांचीच पाटी होती, सदनिका रिकामी ठेवून बाहेर जाताना. मी त्यांचा स्विच खाली ओढला.

दहा मिनिटांनी काका परत आले. हातात औषधाच्या दुकानातली छोटी पुडी.

"डोळे फार झोंबायला लागले हो," ते मला पायऱ्यांवर म्हणाले. आवाजात लहान मुलाची घाई होती. "म्हटलं थेंब घालावेत आणि मग शेवटचा महाल घ्यावा. चला वर. खेळ थांबवून दारासमोर उभा करून ठेवलाय त्याला."

मला काही समजेना. "पण टीव्ही तर बंद होता."

"टीव्ही तापतो म्हणून तो बंद केला. डबा चालू आहे."

काकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मीटरच्या खोलीच्या उघड्या दाराकडे. त्या डब्याला स्मरणशक्ती नाही. वीज गेली की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या देशातल्या पहिल्या झाडाखाली.

मी त्यांच्या मागोमाग वर गेलो. क्षमा मागत होतो, पण ती मलाच ऐकवत नव्हती. तीन तास खेळून एक म्हातारा माणूस तिथवर पोचला होता, आणि त्याने मागितलेली चार वाजेपर्यंतची वेळ मी त्याला दिली नव्हती. काका थेट स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर शेवटचं एक भांडं आणि गॅस राहिला होता. त्यांनी चहा ठेवला.

"काका, मला बोला तरी काहीतरी."

"ती पण काही बोलली नव्हती," काका म्हणाले.

मग भांड्याकडे बघतच त्यांनी सांगितलं. हा खेळ निखिलसाठी आणलेला. त्याला सहा महिन्यांत कंटाळा आला. काकू मात्र दुपारची कामं आवरून खेळू लागल्या. धाकट्या बहिणीला द्यावा तसा निखिलने त्यांना हिरवा गडी दिलेला, तो त्यांचाच झाला. कालनिर्णयाच्या पाठीमागे त्या पेन्सिलीने खड्डे मांडत. काका ऑफिसातून येऊन म्हणत, "वय काय, खेळ काय." एके दिवशी काकू पार शेवटच्या महालापर्यंत पोचल्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजींना भोवळ आली म्हणून खेळ थांबवून त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. काका त्या दिवशी काही कागद न्यायला भर दुपारी घरी आले होते. घर रिकामं. कागद घेऊन निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद केला.

"तुम्हाला माहीत नव्हतं," काका म्हणाले. "मला होतं. डब्याचा लाल दिवा दिसत होता मला. म्हटलं, एकदा शिस्त लागू दे."

चहा उतू जायला आला. त्यांनी गॅस बंद केला.

"संध्याकाळी आलो तेव्हा तिला कळलेलं होतं. काही बोलली नाही. आत गेली आणि माझ्यासाठी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा जुन्या पातळात बांधून माळ्यावर. पुन्हा कधी हात लावला नाही. ती गेल्यावर माळा आवरताना सापडला, आणि त्यात ते कालनिर्णयाचे कागद." चहा ओतत म्हणाले, "एवढी हौस होती तिला. एकदा शेजारी बसलो असतो, तर काय बिघडलं असतं?"

आम्ही ओट्याशी उभ्याने चहा प्यायलो. खाली बिल्डरचा माणूस हॉर्न वाजवत होता. त्याला वाजवू दिला.

टीव्ही मी स्वतः मांडीवर घेऊन रिक्षातून कर्वेनगरला नेला. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खोटं ठरलं, पण अगदीच नाही. चित्र आता डाव्या कडेला वाकतं. सोसायटी विखुरली, मी सेक्रेटरी राहिलो नाही, पण बुधवारी दुपारी काकांकडे जातो. मेन स्विचवर त्यांच्या छापील अक्षरात नवी पाटी आहे: 'बंद करू नये.'

परवा गेलो तेव्हा त्यांचा निळा गडी दुसऱ्या देशात पडला. अंगठा आता साथ देत नाही. आठव्यापर्यंत ते पुन्हा पोचतील असं मला वाटत नाही, आणि त्यांनाही वाटत नसावं. पडद्यावर हिरवा गडी झाडाखाली येऊन उभा राहिला. तीनशे, दोनशे नव्व्याण्णव. खुर्चीवरचा रिमोट माझ्या हाताशीच होता. मी उचलायला गेलो.

"मी खेळू का, काका?"

"नको," ते म्हणाले. "तिचा डाव आहे."

मी हात मागे घेतला आणि त्यांच्यासारखाच मांडीवर ठेवला. मग आम्ही दोघं आकडा शून्यावर येईपर्यंत थांबून राहिलो.