बोटभर सैल

या, जवळ सरका. मांडी आखडून बसा, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. एका विजारीची कथा सांगतो.

आमचे कारकूनबुवा छातीवर हात मारून सांगायचे, "वडील लठ्ठ होते, म्हणून ऐन पन्नाशीत हृदयविकारानं गेले! मी पडलो आईच्या वळणावर. लग्नातली विजार अजून कमरेला बसते!" एवढं सांगून पुन्हा वाढून घ्यायचे.

डॉक्टर म्हणाले, "एकदा काट्यावर उभे राहा."

"काटा कशाला? विजार आहे ना!"

आई जन्मभर शिवणकाम करणारी. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, सुईला हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली, आणि नेमकी तेव्हापासून विजार कमरेला चावायला लागली!

बुवा तरातरा इस्त्रीवाल्याकडे.

"आटवलीस माझी विजार!"

"साहेब, इस्त्रीनं कापड नाही आटत. माणूस फुगतो!"

"मी फुगलो? हे बघ, वाकून दाखवतो!"

वाकले. टर्रर्र! भरदुपारी, भररस्त्यात! मागची शिवण उसवली आणि आतून निळी पट्टी निघाली, मग तपकिरी, मग चक्क उशीच्या अभ्र्याची फुलाफुलांची!

इस्त्रीवाल्यानं हसू गिळून चादर दिली. ती गुंडाळून बुवा घरी आले.

"आई, हे काय गं?"

डोळ्यावर पट्टी बांधलेली आई चाचरली. "अधूनमधून बोटभर सैल करायचे रे. घट्ट झाली की तुझं तोंड उतरायचं, बघवायचं नाही."

"आणि बाबांची?"

आईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाली, "त्यांचीही. गेले त्या सकाळीसुद्धा म्हणाले, 'बघ, अजून बसते!' मी हसले रे."

बुवा आईच्या पायाशी बसले. आईला दोष कसला द्यायचा! तिनं तर मायाच शिवली होती.

डॉक्टर म्हणाले, "अंगकाठी रक्तातून येते, बुवा. पण ताटातला हात तुमचाच!"

बुवांनी हात आखडला. रोज संध्याकाळी चालू लागले, शिंप्यानं टाचून दिलेली तीच विजार घालून. हळूहळू विजार सैल झाली! बुवांचे डोळे भरून आले. देवाला हात जोडायला उठले, आणि जोडता जोडता हात थबकले.

आईचा डोळाही तोवर बरा झाला होता!

विचारायचं धाडस होईना. काट्यावर चढायचं तर त्याहून होईना. अजून चालताहेत बिचारे. तेव्हा माझ्या मायबापांनो, ताटावर बसाल तेव्हा 'अजून बसते' म्हणत गेलेल्या त्या वडिलांची क्षणभर आठवण ठेवा.