दाजींचा खारा बांगडा

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दाजी राऊळांनी खाऊ घातलेला खारा बांगडा कोणाला फुकट पचला नाही. ते स्वतः शेगडीवर तो भाजत, आपल्याला पुढ्यात बसवत आणि पहिला घास गिळायच्या आत विचारत, "कसो लागलो? चवीन सांग!"

"छान आहे, दाजी."

"छान? छान तर कापडय असता! मीठ कसां लागता? काट्याकडे मऊ हा मा? गावचो वास येता?"

मी जन्माने गिरगावकर. त्यांच्या गावचा वास मला कुठून ठाऊक असणार? पण "येतो" म्हटल्याशिवाय सुटका नसे. मग दाजी समाधानाने डोळे मिटून घेत. स्वतः मात्र कणभरही तोंडात टाकत नसत.

दाजी गिरणीत कापड विणायच्या साच्यावर कामाला होते. समोरच्या खोलीत गाववाल्यांबरोबर राहत. बायको तिकडे मालवणजवळ, गावी. जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले, तेव्हा मीच त्यांना ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "मिठाने अंगात पाणी साठतं आणि हृदयावर भार पडतो. मीठ, लोणचं, पापड, खारी मासळी बंद! केळी खा, त्यातला क्षार हृदयाला बरा. आणि आरडाओरडा करू नका."

आम्हांला वाटलं, हा कोकणी माणूस आठवडाभरही टिकायचा नाही. पण दाजी टिकले. खानावळीतल्या बाई त्यांची अळणी आमटी वेगळी काढून ठेवत आणि दाजी ती निमूटपणे खात. कोणी कीव केलीच, तर केळं सोलत म्हणत, "मुंबई आपली झाली काय नोकरी सोडून गावाक जातंय. तवसर ह्यां काळीज टिकवूक होयां."

म्हणजे मुंबई मिळवायची ती सोडून जाण्यासाठी! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला मात्र दाजी सगळ्यांच्या आधी तयार. बाकीचे "झालाच पाहिजे!" म्हणून घसा फोडत असताना हे मूठ उगारून नुसतं तोंड उघडत आणि मिटत. शेजारच्या गृहस्थाला संशय आला.

"काय हो, तुम्हांला नको आहे वाटतं?"

"माका होयो रे! पण डाक्टर ओराडूक देणत नाय," दाजी काकुळतीने म्हणाले आणि त्यांनी त्याला एक केळं दिलं.

गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर बायको बांगडे धाडी आणि परत जाणाऱ्याबरोबर दाजी निरोप देत: "तिका सांग, मीठ अगदी बेताचां होतां." चव माझ्या जिभेची, निरोप त्यांचा. दुखण्याचा तिला पत्ता नव्हता. गाववाल्यांना त्यांनी तशी शपथच घातली होती.

एका संध्याकाळी गावी निघालेला त्यांच्या खोलीतला सखाराम निरोपासाठी दारात उभा होता. मी चिडलोच. म्हटलं, "दाजी, आज खरं काय ते कळवा. तुम्ही खात नाही, तर त्या बाईने उगाच का राबायचं? आणि गावी गेल्यावर ती ताटात वाढेल तेव्हा काय कराल?"

दाजी निखारे सारखे करत राहिले.

"तवा सांगतलंय. तिच्या पुढ्यात बसान सांगतलंय. आता नको." मग म्हणाले, "आमकां पोरबाळ नाय रे. घरात ती एकटी. बांगडे साफ करता, मीठ लावता, खळ्यात वाळत घालता, कावळ्यांका हाकलता. तितको वेळ ती माझ्यावांगडा, माझ्या सोबतीक असता. नको म्हणान कळवलंय, तर ती कोणावांगडा रवतली?"

एवढा मोठा बाप्या, आणि त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

सखाराम जिन्याकडे वळला, तसा मी त्याच्यामागे धावलो.

"काकींना सांग," मी म्हटलं, "बांगडे कमी पडले. पुढच्या खेपेला आणखी वाळत घाला."