कुत्र्याची पेशी

दादासमोर, म्हणजे माझ्या थोरल्या भावासमोर, मी आयुष्यात एकच काम दरखास्त न देता केलं, आणि नेमकं तेच चुकलं. उटनूरहून जैनथला घरी जाताना कुत्र्याचं एक पिल्लू पिशवीत घालून नेलं. विकणाऱ्यानं अल्सेशियन म्हणून दिलं होतं. कान पुढे उभे राहतील म्हणाला. मी शाळामास्तर, विश्वास ठेवला. कान शेवटपर्यंत पडलेलेच राहिले. पण चूक ती नव्हे.

दादा तहसील कचेरीत कारकून. कचेरी त्याच्या अंगात इतकी मुरलेली, की घरातही तोंडी बोललेलं त्याला ऐकू येत नसे. "दरखास्त आन," म्हणायचा, म्हणजे लेखी अर्ज. नवी खाट, भिंतीचा चुना, माझं लग्न, सगळ्याच्या दरखास्ती झाल्या. माझ्या लग्नाच्या कागदावर त्यानं "हरकत नाही" असा शेरा मारला. तो कागद बायकोनं जपून ठेवलाय. भांडण झालं की काढते.

बहीण सुमन पैनगंगेपल्याड नांदायला गेली, मी नोकरीसाठी उटनूरला, आणि पाठोपाठ आई गेली. ही पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. दादानं लग्न केलं नव्हतं. आमची दोघांची उरकता उरकता त्याचं राहून गेलं. एवढ्या घरात तो एकटा. सुमननंच मग दरखास्त लिहिली: घरात कुत्रं असावं, आणि तिघांनी सारखे पैसे घालावेत, म्हणजे ते घराचं होईल.

दादानं कागद पुठ्ठ्यात लावला, लाल नाडी बांधली. "मिसल तयार झाली. पेशी दिवाळीले. तिघंबी हाजिर पाह्यजेत."

दिवाळीच्या सुनावणीत त्यानं विचारलं, "कुत्र्यानं शेजारची कोंबडी धरली त जिम्मा कोनाचा?"

"तुहा," सुमन म्हणाली. "तूच राहून राह्यला ना इथं."

"पैसे तिघांचे आन जिम्मा एकाचा, हे कोनत्या कानूनात बसते? पुढची पेशी संक्रांतीले."

संक्रांतीला प्रश्न निघाला, कुत्र्याशी मराठीत बोलायचं की तेलुगूत, कारण गाव सीमेवरचं आणि समोरचं घर तेलुगू. "दोन्ही आयकून ते गोंधळन, त कोनाचंच मानाचं नाही." पुन्हा तारीख. अशी चार वर्षं गेली. आम्ही चिडायचो, पण जायचो. पेशीच्या दिवशी दादा पहाटेपासून चुलीपाशी. भाजलेली वांगी, ज्वारीच्या भाकरी, सुमनच्या पोरांसाठी गूळ-शेंगदाणे. एका पोळ्याला नदीला पूर आला आणि सुमन येऊ शकली नाही. दादानं मिसलीत "गैरहाजिर" लिहिलं, तरी तिचं ताट वाढलं. आम्ही हात धुऊन उठलो तरी ते ताट त्यानं उचललं नाही.

एवढं डोळ्यांसमोर होतं, तरी कळलं नाही, आणि मी लोकांच्या पोरांना शिकवत होतो! मला वाटलं, आता पुरे झाली ही कचेरी. पैसे मीच घालतो, दादाला सोबत होईल, विषय संपेल.

विषय खरंच संपला. दादा ओट्यावर बसला होता. मी पिशवी उघडली. पिल्लू धडपडत बाहेर आलं आणि त्याच्या पावलावर डोकं टेकून झोपलं. दादानं पाय हलवला नाही. मग मला मिसल आणायला लावली, शेवटच्या कागदावर "निकाली" लिहिलं आणि नाडी बांधू लागला. गाठ दोनदा सुटली.

"बेस झालं," म्हणाला. "मंग आता तुमी कवा येसान?"

मी "येऊ की" असं काहीतरी पुटपुटलो. परतीच्या बसमध्ये रिकामी पिशवी मांडीवर होती. ती येतानापेक्षा जड वाटली.

उटनूरला बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं हातातली शेंग सुपात टाकली.

"पिल्लाचं नाव ठेवलं का भाऊजींनी?"

"नाही."

"मंग वन्संले पत्र टाका. नावाची दरखास्त द्या म्हना," ती म्हणाली. "आन तुमी दोघं एका नावावर येऊ नका."