हाजी मिसबाह उठेनात

हियामने दार उघडलं आणि तिची घरातली चप्पल तरंगत तिच्या स्वागताला आली.

"अबू रनीम, पाणी आलंय," लेकीच्या नावाने नवऱ्याला हाक मारत ती हळूच म्हणाली.

"आलं? देवाची कृपा!" मिठाईचं ताट सावरत अदनान म्हणाला. अम्मानच्या त्या वस्तीत नळाला आठवड्यातून एकदाच पाणी, त्यामुळे पाणी आलं म्हटलं की तोंडातून आधी हेच निघायचं. मग त्याने खाली पाहिलं.

पाण्याचा वार गुरुवार. टाकी सोमवारीच तळाला गेली होती, म्हणून गल्लीतल्या साऱ्या बायका करतात तेच हियामने केलं होतं. न्हाणीतला नळ उघडा ठेवला होता. तो खळखळला की बादल्या घेऊन धावायचं. बेसिनमध्ये धुवायचे कपडेही तयार टाकलेले. पण पाणी बुधवारीच आलं, आणि ती खळखळ ऐकायला घरात कुणी नव्हतं. रनीमचे केस करून घ्यायला आई, बाप, लेक तिघंही बाहेर. कपड्यांनी बेसिनचं भोक बुजवलं आणि पाणी निवांत बैठकीच्या खोलीपर्यंत चालत गेलं.

तीन वाजले होते. पाच वाजता जाहा येणार होती. कुतैबासाठी रनीमला रीतसर मागणी घालायला त्याच्या घराण्यातले बावीस पुरुष.

"फोन करतो. म्हणतो, उद्या या."

"जाहा परत फिरवायची?" हियामचा आवाज चिरकला. "कुतैबाच्या आईला सून म्हणून भाची हवीय. पोरगा आठ महिने अडून बसला, तेव्हा कुठे त्यांच्या घराण्याचे थोरले, हाजी मिसबाह, यायला तयार झाले. आज नको म्हटलं की झालं, नकार आपणच दिला म्हणतील."

रनीमने आधी नळ बंद केला, झगा कमरेला खोचला आणि वायपर उचलला. तिच्या मानेवर नुकत्याच वळवलेल्या बटा थरथरत होत्या. ते पाहून हियामला एकदम ती चार वर्षांची असतानाची आठवली. पण आठवायला वेळ नव्हता.

दोघी पाणी गॅलरीकडे ढकलू लागल्या. अदनानने गालिचा उचलायला घेतला. भिजलेला गालिचा मेलेल्या रेड्यासारखा जड. कसाबसा गुंडाळून त्याने तो उचलला आणि दम लागला म्हणून मिनिटभर टेकवला. कोचावर.

"कुठे ठेवलात?"

"मिनिटभरच गं."

"मखमलीवर? अहो, एवढी एकच वस्तू कोरडी राहिली होती या घरात!"

गालिचा निघाला, पण कोचाची मधली जागा तोवर पोटभर पाणी प्यायली होती. रनीमने केस वाळवायचं यंत्र आणून त्यावर धरलं. यंत्र दहा मिनिटं घुरघुरलं आणि कायमचं गप्प झालं. मग कोचावर चार टॉवेल, त्यावर हियामच्या आईच्या हातची भरतकामाची चादर. जमिनीवर झोपायच्या खोलीतला गालिचा.

"मधे मी बसतो," अदनान म्हणाला. "भिजलो तर मीच भिजेन. उठायचंच नाही."

बेत चांगला होता. फक्त तो कोच खोलीच्या दर्शनी भिंतीला होता, आणि दर्शनी भिंतीची मधली जागा जाहाच्या म्होरक्याची असते, हे घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. पाच वाजता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हाजी मिसबाह, डोक्याला पांढरा रुमाल, अंगावर तपकिरी पायघोळ अबा, हातात काठी, थेट तिकडेच निघाले.

"हाजी, इथे खिडकीपाशी बसा. वारा छान येतो," अदनान मधेच उभा राहून म्हणाला.

"वाऱ्याला आलो का मी?"

"मग या खुर्चीत. पाठीला बरी."

"माझ्या पाठीची काळजी तुम्हाला कधीपासून?" हाजी हसले. मागच्या एकवीस जणांनी "बसा, बसा, तुमचीच जागा" असा गलका केला आणि त्यांना मधोमध बसवलं.

कॉफी आली. रिवाजाप्रमाणे हाजींनी पेला न पिता समोर ठेवला. मुलगी दिली असं ऐकल्याशिवाय जाहा कॉफी पीत नाही. हाजींचं भाषण मात्र तासाभराचं असायचं. आजोबा-पणजोबांपासून सुरू व्हायचं. दाराआड हियाम आणि रनीम कान लावून उभ्या होत्या.

"आपली दोन घराणी..." हाजींनी सुरुवात केली, आणि थांबले. जरा सरकले. चेहऱ्यावरचा रंग उतरला. "थोडक्यात, रनीम आमच्या कुतैबाला द्या."

"दिली! कॉफी घ्या!" अदनान ओरडलाच.

बाकीची एकवीस माणसं एकमेकांकडे बघत राहिली. काहींनी अजून नीट मांडीही घातली नव्हती. आतून हियामच्या आनंदाच्या आरोळ्या उठल्या, फातिहाची प्रार्थना झाली, गळाभेटी सुरू झाल्या. हाजी उठेनात. त्यांचा हात अब्याखाली गेला, गादी चाचपून परत आला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

अदनान स्वयंपाकघरात धावला. "हियाम, घात झाला. त्यांना वाटतंय..."

"काय वाटतंय?"

"की ते स्वतःच... वयामुळे..."

हियामने तोंडावर हात ठेवला. "या अल्ला! मग खरं सांगा ना."

"काय सांगू? तुम्हाला ओल्यात बसवलं म्हणून? अख्ख्या घराण्यासमोर?"

बाहेर मंडळी निघायच्या तयारीत होती. कुणीतरी म्हणालं, "हाजी, हात द्या, उठा." हाजी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." आवाज लहान मुलासारखा झाला होता.

हियामने चिंचेच्या सरबताचा मोठा जग उचलला, सरळ खोलीत गेली, हाजींसमोर पोचली आणि गालिच्याला अडखळली. अडखळण्यासारखं तिथे काही नव्हतं. सगळा जग हाजींच्या मांडीवर, अब्यावर, आईच्या भरतकामावर, मखमलीवर रिकामा झाला.

"माझे हात मोडोत! हाजी, माफ करा!"

हाजींनी स्वतःकडे पाहिलं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत सरबतच सरबत. मग ते काठी टेकून, सगळ्यांदेखत, ताठ उभे राहिले.

दाराशी त्यांनी अदनानला बाजूला घेतलं. "बायकोला रागावू नका. होतं माणसाच्या हातून. आपण कशाला बोलायचं?"

"नाही बोलणार, हाजी."

कुतैबाच्या घरात आजही सणासुदीला कुणीतरी म्हणतंच, रनीमची आई भारी वेंधळी. मग हाजी काठी आपटतात. "त्या बाईबद्दल माझ्यासमोर अवाक्षर नको," ते म्हणतात, आणि का ते कुणालाच सांगत नाहीत.