सुगतची बाटली आणि आबांची बशी

"बाटली ना? आठवड्यात सोडवतो!" दत्तरावांनी सुनेला ठणकावून सांगितलं. "भरल्या एसटीतून बिनतिकिटाचे उतरवलेत मी. या पोराच्या तोंडातून बाटली उतरवायला काय लागतंय?"

गंगाखेड आगाराचा हा निवृत्त कंडक्टर बोलण्यात कधीच कुणाला हार गेला नाही. पण बायको केशरबाई वारल्या आणि घर खायला उठू लागलं. मुलगा साखर कारखान्यात, सून सुकेशनी राणीसावरगावच्या शाळेत, आणि दीड वर्षाचा नातू सुगत पाळणाघरात. हा सुगत दुपारचं दूध प्यायचा ते फक्त बाटलीनं, आणि तेही आबांच्या, म्हणजे दत्तरावांच्या मांडीवर! म्हणून दत्तराव रोज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून पाळणाघरात जायचे. दिवसभरात तेवढंच काय ते कुणाशी बोलणं व्हायचं. बाकी वेळ समोर भिंत होतीच. आपण कशावर कुऱ्हाड चालवतोय, हे बढाई मारताना त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पाळणाघराच्या रेणुकाताईंनी तर बजावलंच होतं, "काका, दात किडायलेत लेकराचे. कपानं पिईना तोवर मोठ्या पोरांत बसवता येत न्हाई."

मग कप आले. झाकणाचा आला, दोन कानांचा आला, हत्तीचं चित्र असलेला आला. सुगतनं एक डोक्यावर पालथा घातला, एक फेकला, आणि हत्ती कमलबाईंच्या पाठीत बसला. कमलबाई तिथल्या मदतनीस. त्या म्हणाल्या, "काका, तुमी तिकिटंच फाडायची व्हती!"

दत्तरावांना हे झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची कपबशी उचलून आणली. घरी आबा बशीत चहा ओतून फुर्र करतात, हे पोरगं रोज टक लावून बघायचं. त्यांनी कपातलं दूध बशीत ओतलं, बशी तोंडाला लावली आणि अख्खं पाळणाघर दणाणेल असा फुरका मारला. सुगत खदखदून हसला. त्यानं बशी ओढली आणि फुर्र!

दत्तरावांनी मिशीवरून हात फिरवला. इथंच सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं!

कारण बाकीच्या पोरांनी बाटल्या टाकल्या आणि बशीसाठी गळा काढला. बशी एक, पोरं खोलीभर! कमलबाईंनी पोह्यांच्या ताटल्या वाटल्या. मग जो फुरक्यांचा कल्लोळ उठला तो विचारू नका. दूध पोटात कमी आणि सतरंजीवर जास्त. संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी सगळी खोली ताब्यात घेतली.

पुढं पोरांच्या आयांची फौज दारात उभी राहिली.

"आमचं पोरगं वरणाचा फुरका मारून भिंती रंगवायलंय!"

"माजी लेक बशीबिगर पानी पिईना!"

"पाहुण्यापुढं बशी धरली ओ पोरीनं, अन् म्हनती, चा!"

"काका," रेणुकाताईंनी हात जोडले, "हे पाळणाघर हाय का स्टँडावरलं हॉटेल?"

दत्तराव खाली मान घालून उभे राहिले. ताटल्या जप्त झाल्या, घरची बशीही जप्त झाली. उरले पाळणाघरातले कप. पोरांनी जरा वेळ भोकाड पसरलं, मग फुर्र करायला दुसरं काही नाही म्हटल्यावर कपच तोंडाला लावले. सुगतनं तर दोन्ही हातांनी हत्ती धरला आणि तळ दिसेपर्यंत ओढला! बाटली कुणी मागितलीच नाही.

रेणुकाताई खुलल्या. "लय उपकार झाले, काका! सुगत आता मोठ्या पोरांत. तुमाला उन्हातान्हात यायची गरजच न्हाई बगा!"

दत्तराव हसले. घरी येईपर्यंत ते हसू कसंबसं टिकलं.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली आणि हात आपोआप शर्टाकडे गेले. शर्ट घातला, बटणं लावली, आणि जायचं कुठं? ते खुर्चीत बसून राहिले. सुकेशनीनं बाटली भंगाराच्या पिशवीत टाकली होती. दत्तरावांनी ती काढली, उकळत्या पाण्यानं धुतली, दूध भरलं आणि कंडक्टरकीच्या जुन्या झोळ्यात लपवून पाळणाघर गाठलं.

"सहज आलतो," ते कमलबाईंना म्हणाले.

सुगत कोपऱ्यात ठोकळे रचत होता. इकडं तिकडं बघून दत्तरावांनी हळूच बाटली काढली. "सुगत, बग काय आणलंय आबानं!"

पोरानं बाटलीकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं आणि धावत येऊन मांडीवर चढलं. दत्तरावांचे डोळे भरून आले. आपलं पोर आपल्याला विसरलं नव्हतं!

सुगतनं बाटली हातात घेतली, आबांचं डोकं मागं रेटलं आणि निपल त्यांच्याच तोंडात कोंबलं.

"आबा, पी!" त्यानं आबांना थोपटलं आणि उतरून तो मोठ्या पोरांत पळून गेला.

दारात रेणुकाताई उभ्या होत्या. "काका, हे काय?" त्यांनी विचारलं. दत्तरावांना बोलता येईना. तोंडात बाटली होती.