पहिली टाळी

रस्ते खात्याच्या त्या कार्यालयात राष्ट्रीय दिनाचं भाषण साहेब करत आणि हेडक्लार्क लिहीत असे. सत्तावीस वर्षांत साहेब नऊ झाले, भाषण एकच राहिलं. 'देश पुढे चालला आहे' या वाक्यानं सुरू व्हायचं आणि 'असाच पुढे जात राहो' यावर संपायचं. दरवर्षी फक्त वर्षांचा आकडा बदलायचा. जिथं साहेबांनी दम घ्यायचा, तिथं हेडक्लार्क तांबड्या पेन्सिलीनं खूण करी. खूण आली की साहेब थांबत, पहिल्या रांगेतला हेडक्लार्क पहिली टाळी वाजवी, आणि मग मैदानभर टाळ्या. पहिली टाळी हे त्याचं कामच होतं म्हणा ना. एका वर्षी तो तापानं फणफणून घरी राहिला, तर साहेब पहिल्या खुणेला जे थांबले ते थांबलेच. शेवटी कुणीतरी शिंकलं, तेव्हा पुढं सरकले.

यंदा निवृत्तीला चार महिने उरले होते. आदल्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाषणाची नक्कल करत बसला होता. बायको समोर भाजी निवडत होती. निवडता निवडता तिनं विचारलं, "अहो, पुढे म्हणजे कुठे?"

"कोण?"

"देश. दरवर्षी पुढे चाललाय म्हणता. पोचला कुठवर?"

तुला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून त्यानं तिला गप्प केलं. पण ती शेजारी गेली आणि प्रश्न तिथंच भाजीच्या देठांशेजारी पडून राहिला. हेडक्लार्कचं डोकं फिरलं. त्यानं दुसरा कागद ओढला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मनातलं लिहिलं. भराभरा लिहिलं. वाचून काढलं आणि हाताची सवय म्हणून त्यावरही तांबड्या खुणा केल्या. तेवढ्यात बायको परतली. तिला टेबल हवं होतं. त्यानं गडबडीत एक कागद फाइलीत सरकवला आणि फाडून टाकायचा तो खिशात घातला.

कुठला कुठं गेला, हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कळलं. झेंडा वर गेला, साहेब माइकपाशी आले, आणि हेडक्लार्कनं रुमालासाठी खिशात हात घातला तर हाताला कागद लागला. वर जुन्याच भाषणाची ओळ होती: 'देश पुढे चालला आहे.' म्हणजे मनातलं लिहिलेला कागद साहेबांच्या हातात होता. निवृत्तिवेतन, निलंबन, चौकशी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. बायको मागं कुटुंबांच्या रांगेत बसली होती.

साहेबांचा एक गुण होता. समोर आलेला कागद ते स्वच्छ आवाजात वाचत. कळून घ्यायची भानगड त्यांनी कधी ठेवली नाही. सह्याही ते तशाच करत.

"बंधुभगिनींनो," साहेब म्हणाले, "देश पुढे चालला आहे असं मी इतकी वर्षं सांगत आलो. पुढे म्हणजे कुठे, हे मला ठाऊक नाही. आपल्या खात्याचा मोठा रस्ता नदीपर्यंत जातो आणि तिथंच संपतो. पूल फक्त कागदावर आहे."

खूण आली. साहेब थांबले.

मैदान चिडीचूप. हेडक्लार्कला वाटलं, संपलं, आता कुणीतरी उठणार. कुणी उठलं नाही. साहेबांनी चष्म्यावरून बरोबर त्याच्याकडं पाहिलं. तिसऱ्या रांगेतले ओव्हरसिअर त्याच्याकडं पाहायला लागले. शिपाई पाहायला लागला. सगळे त्याच्यासाठी खोळंबले होते. आणि काय सांगावं, त्याचे हात आपोआप वर आले आणि त्यानं टाळी वाजवली.

मग टाळ्यांचा नुसता कडकडाट.

आता हे थांबवायलाच हवं होतं. त्यानं एका चिठ्ठीवर 'चुकीचा कागद आहे, कृपया थांबावे' असं खरडलं आणि शिपायाच्या हाती वर पाठवली. भाषण चालू असताना वर येणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे कुणाचं तरी नाव घ्या, एवढंच साहेबांना माहीत. त्यांनी ती घेतली आणि त्याच आवाजात वाचली, "चुकीचा कागद आहे, कृपया थांबावे," आणि थांबले. या वेळी हेडक्लार्कनं हात मांडीखाली दाबून धरले होते. पण लोकांना आता त्याची गरज उरली नव्हती. टाळ्या झाल्या.

तेव्हा त्याच्या मनात भलतंच काहीतरी झालं. भीती गेली आणि त्याला वाटायला लागलं, कुणीतरी ऐकावं. कुणीतरी एकानं तरी. कारण पुढचा मजकूर त्याला पाठ होता आणि ते तो आजवर कुणाजवळ बोलला नव्हता.

"त्या पुलाचा पाया खणताना माती ढासळून एक मजूर गेला," साहेब वाचत होते. "चूक आपली होती. चौकशीच्या कागदात मी त्याचाच निष्काळजीपणा लिहिला, कारण मला तसं लिहायला सांगितलं होतं. त्याची बायको कार्यालयात आली, तेव्हा मी जेवायला गेलोय असं सांगायला लावलं. मी आत बसलो होतो."

इथंही तांबडी खूण होती. आपण ती कुठल्या हातानं केली, हे हेडक्लार्कला आठवेना. टाळ्या दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या झाल्या. ओव्हरसिअर टाळ्या वाजवता वाजवता खाऊची पाकिटं किती आली आहेत ते मोजत होते.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. हेडक्लार्कनं मान खाली घातली. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि यंदा भाषणात जीव होता म्हणाले. जाता जाता सांगितलं, "तुम्ही जाण्याआधी नक्कल फाइलला लावून ठेवा. दरवर्षी हेच ठेवू. वर्षांचा आकडा तेवढा बदलायचा."

बायको आणि तो घरी निघाले. त्याच्या हातात खाऊची दोन पाकिटं होती. कोपऱ्यावर ती थांबली.

"त्या मजुराचं मला कधी सांगितलं नाहीत."

त्याला केवढं तरी बरं वाटलं. एकानं तरी ऐकलं होतं. "तू ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"पहिल्या वाक्यालाच ओळखलं, हे तुमचं आहे. अंगावर काटा आला माझ्या. वाटलं, आता लोक ऐकणार. सगळं मैदान गप्प होतं हो, एक माणूस हलत नव्हता."

"मग?"

"मग तुम्ही टाळी वाजवलीत," ती म्हणाली आणि त्याच्या हातातलं एक पाकीट काढून घेऊन पुढं चालू लागली.