तूलीचं वजन

शर्यतीच्या दिवशी सकाळी लेकीला सौनात पाठवू नये, ही अक्कल रेयोला आली तेव्हा लेक सौनातून बाहेर यायला तयार नव्हती.

तसा दोष कोणाचाच नव्हता. फिनलंडमध्ये माणूस लग्नाआधी सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत घाम काढायला जातो, परीक्षेआधी जातो, भांडण मिटवायला जातो आणि मिटलं नाही तर पुन्हा जातो. तळ्याकाठच्या त्या शर्यतीच्या पट्टीला लागूनच लाकडी सौना होता आणि कुमारांच्या राष्ट्रीय मालिकेतली ही शेवटची शर्यत होती. एकाच माणसापुरत्या, उघड्या चाकांच्या त्या चिमुकल्या गाड्या उन्हाळाभर देशभर पळाल्या होत्या. गुणतक्त्यात रेयोची तूली पहिली होती. तिच्या अगदी पाठोपाठ हिल्मा पेल्तोमाकी.

हिल्माचा बाप पेल्तोमाकी हा रेयोचा शेजारी. त्याच्या अंगणातलं गवत नेहमी आधी कापलेलं, त्याची होडी मोठी, त्याच्या बटाट्यांना कीड म्हणून नाही. रेयोला जगात दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदाच, पेल्तोमाकीच्या पुढे जायचं होतं. स्वतःला ते जमेना म्हणून त्याने लेकीला गाडी घेऊन दिली होती.

बायकांच्या पाळीला तूली आत गेली, मागोमाग हिल्मा गेली. सौनात जो आधी उठतो तो हरतो, हे तिथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. थोड्या वेळाने रेयोची बायको ओर्वोक्की लालबुंद होऊन बाहेर आली.

"दोघी वरच्या फळीवर बसल्यात," ती म्हणाली. "एक दगडांवर पाणी ओतते, की दुसरी म्हणते, 'थंडी वाजतेय का गं? ओत की आणखी!'"

"मग ओढून का नाही आणलीस?"

"तुझ्या घराण्याचा हट्ट आहे तो. तूच आण."

"बायकांच्या सौनातून?"

"मग बस बोंबलत."

तेवढ्यात एल्मेरी तिथून चालला होता. गुणतक्त्यात हा पोरगा दोघींच्या थोडाच मागे, तिसरा. हंगामात त्याने एकही शर्यत जिंकली नव्हती, पण एकही सोडली नव्हती.

"तू नाही आलास सौनात?" रेयोने विचारलं.

"नाही काका. त्याने माझं डोकं दुखतं."

रेयो आणि शेजारी उभा असलेला पेल्तोमाकी, दोघेही त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच एकमताने हळहळले, ते त्या पोराच्या नशिबावर.

शेवटी पोरी एकदमच बाहेर आल्या, म्हणजे एकमेकींना पुढे ढकलत दारात अडकल्या आणि ओर्वोक्कीने त्यांना उपटून काढलं. रेयोने तूलीला तंबूतल्या वजनकाट्यावर उभं केलं आणि तोच पांढराफटक पडला. पोरगी चांगलीच आटली होती.

शर्यत संपली की गाडी आणि चालक मिळून तोलायचे आणि ठरल्यापेक्षा वजन कमी भरलं तर निकाल बाद, असा नियम होता. जड गाडी मागे पडते, म्हणून रेयोने उन्हाळाभर रंग खरवडून आणि स्क्रू आखूड करून गाडी सडपातळ केली होती. काल वजन अगदी नियमाच्या काठावर आणून ठेवलं होतं. आज तपासणी होऊन गाडीला मोहर लागलेली. आता शिशाची पट्टी सोडाच, चिकटपट्टीही लावायची सोय नव्हती.

"गाडीत काही घालता येत नाही," रेयो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग पोरीत घालू," ओर्वोक्की म्हणाली आणि वाटाण्याच्या सुपाचं पातेलं उघडलं.

सूप झालं, काळा पाव झाला, ताकाचे पेले झाले. रेयो सॉसेजच्या टपरीवर धावला, तर तिथे पेल्तोमाकी आधीच उभा.

"लेकीला भूक लागलीय," पेल्तोमाकी आभाळाकडे बघत म्हणाला.

"माझ्याही," रेयो म्हणाला.

दोघांनी मिळून टपरी धुऊन नेली. शिवाय शर्यतीच्या पोशाखाखाली रेयोने तूलीला स्वतःची लोकरीची विजार चढवायला लावली.

"बाबा, घामाने आणखी वजन जाईल!"

"जातंय कुठे? लोकरीत मुरेल."

"बाबा, मला जायचंय."

"कुठे?"

"अहो बाबा, जायचंय!"

"खबरदार! मोजून भरलंय तुला. शर्यत झाली, वजन झालं, की मग जा."

अशी शर्यत त्या पट्टीने पाहिली नव्हती. एरवी पोरं पहिल्या नंबरसाठी पळतात. या दोघींना काहीही करून शर्यत संपवायची होती. दोघींनी ब्रेक लावणंच सोडून दिलं. "काय ही जिद्द!" असं निवेदक पुन्हा पुन्हा ओरडत होता. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला ओर्वोक्की डोळे मिटून घेत होती. तूली गाडीच्या नाकाएवढ्या अंतराने जिंकली.

गाड्या काट्यापाशी रांगेत आल्या. तूलीची गाडी वर चढली. तपासनीस सिर्क्काबाईंनी आकडा पाहिला. वजन भरलं होतं! रेयोला हुंदका आवरेना.

"झालं ना बाई? उतरू दे तिला."

"नाही. काटा शून्यावर आणून दुसऱ्यांदा तोलायचं. तोवर इथून कुणी हलायचं नाही. रांगेतल्यांनीसुद्धा नाही."

"मग आणा ना शून्यावर! पटकन!"

"पटकन तोललेल्याला वजन म्हणत नाहीत," सिर्क्काबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला घेतला.

तूलीने बापाकडे पाहिलं. ती नजर रेयोने ओळखली.

"नाही, तूली. बाळा, चषक! आपला चषक!"

"बाबा, माफ करा," असं म्हणून तूलीने गाडीतून उडी मारली. मागच्या गाडीतून हिल्माने मारली. डोक्यावर हेल्मेटं तशीच ठेवून दोघी झाडीकडे सुटल्या.

"काटा सोडला," सिर्क्काबाई शांतपणे म्हणाल्या. "दोघीही बाद."

मग एल्मेरीला दोनदा तोललं. दोन्हीदा वजन बरोबर भरलं आणि तो राष्ट्रीय विजेता झाला. नाव पुकारलं तेव्हा कोण जिंकलं ते बघायला तो मागे वळला.

रेयो एका टायरवर मटकन बसला. पोरीच्या अख्ख्या उन्हाळ्याची आपण माती केली, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटत होती. पलीकडच्या टायरवर पेल्तोमाकी तसाच बसला होता.

तूली आली. तिच्या चेहऱ्यावर कमालीची शांती होती.

"बाद झालो ना, बाबा?"

"झालो गं. चुकलं माझं. तुझ्या हातातला चषक मी घालवला."

"जाऊ द्या हो." ती त्याच्या शेजारी टेकली. "तिकडे संडास एकच आहे, बाबा."

रेयोने हळूहळू मान वर केली.

"मग? दाराशी पहिली कोण पोचली?"

"मी."

रेयो उठला. त्याने टोपी सारखी केली, सदरा विजारीत खोचला आणि दमदार पावलं टाकत पलीकडच्या टायरपाशी जाऊन हात पुढे केला.

"अभिनंदन, पेल्तोमाकी," तो म्हणाला. "दुसऱ्या नंबरबद्दल."